वाहती हवा वाजते ती कशी?

वारा सुटला की तारा गुणगुणतात, दारांच्या फटी घुमतात, आणि आपण सहज म्हणून जातो की वारा आवाज करतो आहे. प्रत्यक्षात एकसारख्या वेगाने एकाच दिशेला वाहणारी हवा, तिचा वेग कितीही असला तरी, पूर्णपणे निःशब्द असते. ध्वनी म्हणजे दाबातील असा चढउतार, जो आपल्या उगमापासून सुटतो आणि माध्यमातून दूरवर प्रवास करतो. असा चढउतार व्हायचा तर प्रवाहात कुठेतरी काहीतरी काळाबरोबर बदलत राहायला हवे. त्यामुळे विचारायचे प्रश्न दोन आहेत. कोणीही हलवत नसताना प्रवाह आपणहून थरथरायला का लागतो? आणि त्या थरथरीतला कोणता भाग ध्वनी होऊन आपल्या कानापर्यंत पोहोचतो? या दोहोंची उत्तरे वेगवेगळी आहेत. त्यांची गल्लत झाली की या विषयावरचे कोणतेही स्पष्टीकरण अर्धवट राहते.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात हा दाब साधारण ०.०२ पास्कलने वरखाली होतो, म्हणजे मूळ दाबाच्या पन्नास लाखाव्या भागाने. निरोगी कानाला ऐकू येणारा सर्वांत क्षीण चढउतार तर त्याच्याही हजारपट लहान, २० मायक्रोपास्कल इतका धरला जातो. याउलट सेकंदाला १० मीटर वेगाचा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा, वारा एखाद्या वस्तूवर थडकतो तेव्हा तिच्या पुढच्या बाजूवर सुमारे ६० पास्कल इतका जादा दाब पडतो. प्रवाहातले दाब आणि ध्वनीतले दाब यांच्यात असे हजारो पटींचे अंतर आहे. ध्वनी हा प्रवाहाचा अगदी किरकोळ उपउत्पाद आहे, आणि कान विलक्षण संवेदनशील आहेत म्हणूनच तो आपल्याला जाणवतो.

अस्थिरता म्हणजे काय

हवेचे दोन थर एकमेकांना लागून वेगवेगळ्या वेगाने सरकत आहेत अशी कल्पना करू. वरचा वेगवान, खालचा मंद, आणि दोहोंच्या मध्ये वेग झपाट्याने बदलणारी एक पातळ पट्टी. ही पट्टी अगदी सपाट राहिली तर काहीच घडणार नाही. पण कुठल्याशा क्षुल्लक कारणाने तिला किंचित उंचवटा आला की वरच्या हवेला त्या उंचवट्यावरून जाताना थोडी अरुंद वाट मिळते, तिथे तिचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब घटतो. उंचवट्याच्या वर दाब कमी आणि खाली जास्त, त्यामुळे उंचवटा आणखी वर ओढला जातो. खोलगट भागात नेमके उलटे घडून तो अधिक खोल होतो. विस्कळीतपणा जितका मोठा तितका तो अधिक वेगाने वाढत जातो, आणि थोड्याच अंतरात ती पट्टी लाटांसारखी उचलली जाऊन स्वतःभोवती गुंडाळली जाते. तिचे भोवरे होतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये आणि केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये हे विवेचन मांडले, म्हणून या प्रकाराला त्या दोघांचे नाव आहे. पुढे १८८० मध्ये लॉर्ड रेली यांनी दाखवून दिले की घर्षण बाजूला ठेवले तर अशी अस्थिरता येण्यासाठी वेगाच्या आलेखात वाकण्याची दिशा पालटणारा एक बिंदू असावा लागतो. नळीतून बाहेर पडणारा झोत, अडथळ्यामागची मंद हवा, पोकळीच्या तोंडावरून सरकणारा प्रवाह या सगळ्यांत तो बिंदू असतोच. ध्वनी निर्माण करणारे बहुतेक प्रवाह याच कुळातले आहेत.

या वाढीला हवेची श्यानता, म्हणजे अंतर्गत घर्षण, विरोध करते. कोणाची सरशी होणार हे रेनॉल्ड्स अंकावरून कळते. प्रवाहाचा वेग आणि अडथळ्याची रुंदी यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की तो मिळतो. अंक लहान असेल तर घर्षण प्रत्येक उंचवटा वेळीच पुसून टाकते. मोठा असेल तर भोवरे होतात, त्यांचे तुकडे पडतात, आणि अखेर सर्व आकारांच्या भोवऱ्यांची ती सरमिसळ उरते जिला संक्षोभ म्हणतात. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर काही अंतर सरळ चढतो आणि मग अचानक विस्कटतो, त्यात हा सगळा क्रम डोळ्यांनी पाहता येतो.

अस्थिर प्रवाह हा एक प्रकारचा वर्धक आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बी कितीही लहान असले तरी तो ते कित्येक पटींनी मोठे करतो, आणि ते बी ध्वनीचेही असू शकते. १८५८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लेकॉन्ट यांनी अशी एक नोंद केली की संगीताच्या मैफलीत गॅसच्या दिव्याची ज्योत वाद्यांच्या ठेक्यावर उड्या मारत होती. गॅसचा दाब इतका वाढलेला होता की झोत संक्षोभाच्या अगदी काठावर होता, आणि वाद्यांच्या ध्वनीतली नगण्य ऊर्जा त्याला पलीकडे ढकलायला पुरेशी होती. जॉन टिंडल यांनी नंतर अशा संवेदनशील ज्योतींवर पुष्कळ प्रयोग केले. थोडक्यात, प्रवाह ध्वनी निर्माण करतो तसाच तो ध्वनी ऐकतोही. शीळ, बासरी आणि जेट विमानाची कर्कश किंचाळी यांचे मूळ या दुहेरी नात्यात आहे.

गाणारी तार

अडथळ्यामागच्या भोवऱ्यांचा अभ्यास एका साध्या निरीक्षणापासून सुरू झाला. चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेन्स स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये फिरत्या चौकटीवर तारा आणि कांड्या बसवून त्या हवेतून वेगवेगळ्या गतींनी फिरवल्या. त्यांतून निघणारा स्वर तारेच्या धातूवर, लांबीवर किंवा ताणावर अवलंबून नाही, तो केवळ वेग आणि तारेचा व्यास या दोनच गोष्टींवर ठरतो, असे त्यांना आढळले. वारंवारता म्हणजे वेग भागिले व्यास, गुणिले एक जवळजवळ अचल अंक. स्ट्रोहाल यांच्या मापनात तो ०.१८५ आला, आज आपण ढोबळमानाने ०.२ धरतो. २ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा गेला तर ०.२ गुणिले १० भागिले ०.००२, म्हणजे १००० हर्ट्झचा स्वर निघतो. वारा वाढला की स्वर चढतो, तार जाड असली की उतरतो. हवेत जोरात फिरवलेल्या छडीचा 'सूं' असा आवाज मधोमध चढतो आणि शेवटी उतरतो, त्याचे कारण हेच.

ही वारंवारता येते कुठून? तारेला वळसा घालणारी हवा मागच्या बाजूला तारेला चिकटून राहू शकत नाही. ती दोन्ही बाजूंनी सुटते आणि तारेमागे मंद हवेचा एक पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडांना वेगबदलाचे ते अस्थिर थर असतात. दोन्ही थर एकाच वेळी गुंडाळले जात नाहीत. एका बाजूचा भोवरा मोठा होत जातो तसा तो समोरच्या बाजूचा थर स्वतःकडे खेचतो. तो थर आत शिरला की पहिल्या भोवऱ्याची रसद तुटते, तो सुटून वाऱ्याबरोबर निघून जातो, आणि आता दुसऱ्या बाजूचा भोवरा वाढू लागतो. अशी आळीपाळी चालू राहते. आंरी बेनार यांनी १९०८ मध्ये अशा भोवऱ्यांच्या रांगांची छायाचित्रे घेतली आणि थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११-१२ मध्ये त्यांचे गणित मांडले. एका रांगेतला भोवरा दुसरीतल्या दोन भोवऱ्यांच्या मधल्या जागेसमोर येईल अशा मांडलेल्या दोन रांगाच टिकू शकतात, आणि त्याही रांगांमधले अंतर हे एकाच रांगेतल्या दोन भोवऱ्यांमधल्या अंतराच्या ०.२८१ पट असेल तरच, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज या रचनेला कार्मान भोवरेमाला म्हणून ओळखतात. रेनॉल्ड्स अंक सुमारे ४७ च्या पुढे गेला की ती सुरू होते. आपल्या २ मिलिमीटरच्या तारेला त्यासाठी सेकंदाला ३५ सेंटिमीटर इतकी झुळूकही पुरते, पण तेवढ्या झुळुकीतून निघणारा ध्वनी कानाला जाणवण्याइतका प्रबळ नसतो.

येथे एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. तार कंप पावते म्हणून वाजते, असे बहुतेकांना वाटते. तिचा स्वाभाविक कंप भोवऱ्यांच्या वारंवारतेशी जुळला तर आवाज पुष्कळ वाढतो हे खरे, आणि त्या वेळी तार वाऱ्याच्या दिशेत न हलता आडव्या दिशेत हलते हे रेली यांनी दाखवून दिले. पण तार मुळीच हलली नाही तरी स्वर निघतोच. प्रत्येक भोवरा सुटताना तारेवर आडवा धक्का बसतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि ताठ उभी तार तितकाच उलटा धक्का हवेला देते. हवेवर असे सेकंदाला हजार आवर्तने करत दिशा पालटणारे बल लागू होणे, हाच ध्वनीचा उगम. त्यामुळे हा ध्वनी सगळीकडे सारखा पसरत नाही: वाऱ्याच्या आणि तारेच्याही आडव्या दिशेला तो सर्वाधिक असतो आणि वाऱ्याच्या सरळ दिशेत जवळजवळ नाहीसा होतो.

दाब बदलला म्हणजे ध्वनी झाला असे नाही

खुल्या जागेत केलेल्या ध्वनिमुद्रणात वाऱ्याची घरघर येते, हे सर्वांनी अनुभवलेले असते. मायक्रोफोनवर आदळणारे भोवरे त्याच्या पडद्यावर दाबाचे धक्के देतात आणि यंत्राला ते ध्वनीसारखेच भासतात. पण हे धक्के हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येत नाहीत. ते भोवऱ्यांबरोबर वाऱ्याच्या वेगाने सरकतात आणि भोवऱ्यापासून दूर जाताच झपाट्याने मावळतात. खरा ध्वनी मात्र सेकंदाला ३४३ मीटर या आपल्याच वेगाने सर्व दिशांना निघून जातो आणि अंतराच्या प्रमाणात सावकाश क्षीण होतो. मायक्रोफोनवर बसवलेले स्पंजाचे टोपण उपयोगी पडते ते याच फरकामुळे: भोवरे बाहेरच अडतात, ध्वनी आत येतो. सोसाट्याच्या वाऱ्यात कानात जी घोंघों होते तीही पुष्कळशी आपल्याच कानाच्या पाळीभोवती घडणाऱ्या भोवऱ्यांची असते. डोके थोडे वळवले की ती बदलते.

मग भोवऱ्यांमधले दाब ध्वनी होऊन का निसटत नाहीत? कारण ते एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे रद्द करतात. मंद प्रवाहात हवा एका जागी दाबली जाण्याऐवजी शेजारच्या जागेत सरकून जाते. एका ठिकाणी दाब वाढला तर लगतच कुठेतरी तो घटलेला असतो, आणि भोवऱ्याचा आकार ध्वनीच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असल्यामुळे दूरच्या श्रोत्यापर्यंत दोन्ही परिणाम एकाच वेळी पोहोचून शून्याच्या जवळ येतात. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर असते. आपली तार २ मिलिमीटरची. हे परस्परांना रद्द करणे किती पूर्ण आणि किती अपुरे, यावर प्रवाह किती वाजणार हे ठरते.

या प्रश्नाचे नेमके गणित १९५२ मध्ये जेम्स लाइटहिल यांनी मँचेस्टर विद्यापीठात मांडले. त्याच वर्षी पहिले जेट प्रवासी विमान कॉमेट नियमित सेवेत आले, त्यामुळे या प्रश्नाकडे निव्वळ अभ्यासकांची जिज्ञासा म्हणून पाहण्याची सोय आता उरली नव्हती. लाइटहिल यांची युक्ती आजही थक्क करणारी आहे. त्यांनी वायूच्या गतीची समीकरणे न सोडवता, त्यांत कोणतीही काटछाट न करता, केवळ त्यांची फेरमांडणी केली. डाव्या बाजूला स्थिर हवेतून जाणाऱ्या ध्वनीचे साधे तरंग-समीकरण ठेवले आणि उरलेले सगळे उजवीकडे नेऊन त्याला ध्वनीचा उगम मानले. त्यामुळे खळबळणारा झोत जणू अस्तित्वातच नाही, त्याच्या जागी स्थिर हवेत काही उगम ठेवलेले आहेत, असा विचार करता येतो. हे उगम कोणत्या जातीचे हे समीकरणातूनच कळते, आणि सगळे काही त्या जातीवर अवलंबून आहे.

सर्वांत समर्थ उगम तो, जिथे एका जागी वायूचे प्रमाणच कमीजास्त होते. भोंग्याच्या फिरत्या चकतीतून थांबत थांबत सुटणारी हवा, किंवा बोलताना स्वरतंतूंमधून झटक्याझटक्याने निसटणारा श्वास, ही त्याची उदाहरणे. याला एकध्रुव म्हणतात. येथे रद्द करायला समोर कोणी नाही. दुसरा प्रकार म्हणजे बल: तारेने हवेला दिलेला धक्का. एका बाजूला दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो घटतो, बरीचशी वजाबाकी होते, आणि जे उरते तो द्विध्रुव. तिसरा प्रकार लाइटहिल यांना मोकळ्या झोतात सापडला. तेथे वायू वाढतही नाही आणि बाहेरचे बलही नाही. भोवरे एकमेकांना फक्त ताणतात आणि मुरडतात, म्हणून बलेही जोडीजोडीने एकमेकांना काटतात. हा चतुर्ध्रुव, तिघांत सर्वांत दुबळा. एकध्रुवाची ध्वनिशक्ती वेगाच्या चौथ्या घाताने वाढते, द्विध्रुवाची सहाव्या, चतुर्ध्रुवाची आठव्या. घन पृष्ठभागांमुळे होणारा द्विध्रुव या चौकटीत बसवण्याचे काम १९५५ मध्ये एन. कर्ल यांनी केले.

आठवा घात म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून एवढेच पाहू: झोताचा वेग दुप्पट झाला तर ध्वनिशक्ती २५६ पट, म्हणजे २४ डेसिबलने, वाढते. उलट वेग फक्त दहा टक्क्यांनी घटवला तरी ती निम्म्याच्या खाली येते. माझ्या मते विमानांच्या गोंगाटावर झालेल्या सगळ्या उपायांत याच एका आकड्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. इंजिनाचा रेटा वेगाच्या वर्गावर आणि झोताच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. तेव्हा वेग निम्मा करून क्षेत्रफळ चौपट केले तर रेटा तोच राहतो आणि ध्वनिशक्ती ६४ पटींनी कमी होते. आजच्या प्रवासी विमानांची इंजिने इतकी रुंद दिसतात, त्यामागे इंधनाची बचत हे मोठे कारण आहेच, पण शांततेचे गणितही त्याच दिशेला नेते. पुढच्या मोठ्या पंख्याने ढकललेली पुष्कळशी हवा जळणाच्या गाभ्याला वळसा घालून मंद वेगाने बाहेर पडते. नव्या इंजिनांत ती गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या दहापटीच्या आसपास असते.

मंद प्रवाहात मात्र चित्र उलटे असते. ध्वनीच्या एक दशांश वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४ मीटर वेगाने, वाहणाऱ्या हवेत चतुर्ध्रुव हा द्विध्रुवाच्या ढोबळमानाने शंभराव्या भागाइतका असतो. म्हणून मोकळ्यावरचे वादळ स्वतः फारसे वाजत नाही. ते वाजते ते कडांवर, तारांवर, फांद्यांवर. बोलण्यातही हे दिसते. 'स' उच्चारताना जिभेच्या टोकाशी झालेल्या अरुंद वाटेतून हवेचा झोत निघतो आणि पुढच्या दातांवर आदळतो. झोत एकटाच असता तर त्याची फुसफुस क्षीण राहिली असती; दातांनी त्याला अडवल्यामुळे द्विध्रुव मिळतो आणि 'स' ला धार येते. पुढचे दात पडलेल्या माणसाचा 'स' बोथट होतो तो यामुळेच. 'श' मध्ये वाट थोडी मागे सरते, तिच्यापुढची पोकळी मोठी होते, आणि तोच खळबळाट खालच्या वारंवारतांवर घुमतो.

फुसफुस आणि शीळ

एवढ्यावरून गोंगाट समजतो, स्वर समजत नाही. 'स' मध्ये हजारो वारंवारता एकत्र मिसळलेल्या असतात, शिळेत एकच असते. दोन्हीकडे झोत आहे, दोन्हीकडे अस्थिरता आहे. फरक आहे तो फीडबॅकचा. सभागृहातला मायक्रोफोन लाऊडस्पीकरसमोर नेला की तो किंचाळू लागतो: स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये जातो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि ज्या वारंवारतेला हा फेरा नेमक्या ताळ्यात बसतो ती इतर सगळ्यांना मागे टाकते. शिळेत वर्धकाचे काम अस्थिर झोत करतो.

याचा सर्वांत निर्मळ नमुना म्हणजे कडेचा स्वर, ज्याचा अभ्यास कार्ल सोंडहाउस यांनी १८५४ मध्ये केला. अरुंद फटीतून हवेचा सपाट झोत सोडायचा आणि थोड्या अंतरावर त्याच्या वाटेत एक धारदार कड ठेवायची. झोतातला विस्कळीतपणा प्रवाहाबरोबर, झोताच्या वेगाच्या साधारण निम्म्या वेगाने, वाढत वाढत कडेपर्यंत जातो. कडेवर झोत कधी वर, कधी खाली वळतो. त्यामुळे कडेवर पालटते बल येते, दाबाची हाक उलट फटीपर्यंत पोहोचते, आणि नुकत्याच बाहेर पडणाऱ्या, सर्वांत नाजूक अवस्थेतल्या झोताला पुढचा हिसका देते. या फेऱ्याला लागणारा वेळ आणि कंपाचा काळ जुळला की स्वर टिकतो. झोताचा वेग वाढवत नेला तर स्वर चढत जातो आणि एका क्षणी एकदम वरच्या पायरीवर उडी मारतो, कारण आता फट आणि कड यांच्यामध्ये एक जादा लाट मावू लागलेली असते. वेग कमी करत आणला तर उतरण्याची उडी त्याच ठिकाणी पडत नाही, अंमळ खाली पडते.

या कडेमागे नळी जोडली की बासरी होते. आता परतीची हाक कडेपेक्षा नळीतल्या हवेच्या अनुनादाकडून येते, आणि ती कितीतरी जोरकस असल्यामुळे स्वर नळीच्या लांबीवर ठरतो. वादक बोटांनी भोके उघडतो तेव्हा तो नळीची परिणामी लांबी बदलत असतो. तरीही झोताचे म्हणणे पूर्णपणे डावलता येत नाही: ओठापासून पलीकडच्या कडेपर्यंत जायला विस्कळीतपणाला लागणारा वेळ स्वराच्या अर्ध्या आवर्तनाच्या आसपास असावा लागतो. म्हणूनच बोटे न हलवता फुंकर जोराची केली, की तोच फेरा वरच्या सप्तकातल्या स्वराशी जुळतो आणि स्वर तिकडे उडी घेतो.

केटलची शिट्टी इतकी परिचयाची आहे की तिचे कोडे कधीच सुटले असेल असे वाटते. तिचा पूर्ण उलगडा मात्र २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील रॉस हेन्रीवुड आणि अनुराग अग्रवाल यांनी केला. शिट्टीत समोरासमोर भोके पाडलेल्या दोन पातळ चकत्या असतात आणि त्यांच्यामध्ये लहानशी पोकळी. वाफ मंद असताना ही पोकळी बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी घुमते आणि स्वर जवळपास एकाच जागी राहतो. वाफेचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की कारभार बदलतो: पहिल्या भोकातून निघालेल्या झोताला भोवरे पडतात, ते दुसऱ्या भोकावर आदळतात, आणि त्यांची वारंवारता वेगाबरोबर चढू लागते. पाणी उकळू लागताना शिट्टीचा स्वर घसरत घसरत वर जातो तो या दुसऱ्या टप्प्यात. धावत्या मोटारीची मागची एकच काच उघडली की जी असह्य धडधड होते तीही याच कुळातली, फक्त पोकळी आता संपूर्ण मोटारीएवढी असल्याने वारंवारता २० हर्ट्झच्या आसपास येते आणि ती ऐकण्यापेक्षा अंगाला जाणवते. दुसरी काच थोडी उघडली की फेरा मोडतो.

ध्वनीपेक्षा वेगवान झोतात तर कडेचीही गरज नसते. झोताचा दाब बाहेरच्या हवेशी जुळत नसेल तर त्यात आघात-तरंगांची, म्हणजे दाब एकदम उडी घेतो अशा पातळ थरांची, एकामागून एक अशी जाळी तयार होते. झोताच्या कडेने वाहत आलेले भोवरे त्या जाळीतून जाताना ध्वनी फेकतात, तो बाहेरच्या बाजूने उलट नळीच्या ओठापर्यंत येतो आणि नवे भोवरे घडवतो. ॲलन पॉवेल यांनी १९५३ मध्ये उलगडलेली ही किंचाळी इतकी तीव्र असू शकते की तिच्यामुळे विमानाच्या आसपासच्या पत्र्यांना थकव्याने तडे जाण्याची भीती असते.

उष्णता फेऱ्यात शिरते तेव्हा

प्रवाहाला ऊर्जा देणारा आणखी एक स्रोत म्हणजे उष्णता. डच भौतिकशास्त्रज्ञ रेइके यांनी १८५९ मध्ये उभ्या नळीच्या खालच्या भागात तापलेली तारेची जाळी ठेवली आणि नळी मोठ्याने घुमू लागली. त्याचे कारण रेली यांनी १८७८ मध्ये एका वाक्यात बसेल असे सांगितले: हवा दाबलेली असतानाच तिला उष्णता मिळाली तर कंप वाढतो, विरळ असताना मिळाली तर मरतो. नळीत वर चढणारी हवा आणि नळीतला ध्वनी यांची बेरीज अशी होते की जाळी खालच्या अर्ध्यात असताना उष्णता बरोबर अनुकूल क्षणी दिली जाते. जाळी वरच्या अर्ध्यात नेली तर नळी गप्प राहते.

हीच गोष्ट रॉकेटच्या इंजिनात घडली तर जीवघेणी ठरते. सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यातील एफ-१ इंजिनाच्या विकासात ज्वलनाच्या अशा अस्थिरतेने १९६२ च्या सुमारास चाचणीतली इंजिने अक्षरशः फोडली. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे इंधन फवारणाऱ्या तबकडीवर उभ्या धातूच्या आडभिंती, ज्यांनी आडव्या ध्वनितरंगांना मोकळे फिरू दिले नाही. उपाय चालतो की नाही हे पाहण्यासाठी अभियंते चालू इंजिनाच्या आत लहानसा स्फोट घडवत आणि उठलेला कंप आपोआप शमतो का ते मोजत. पूर्ण आकाराच्या सुमारे २००० चाचण्या झाल्या. त्या काळी या ज्वलनाचे गणित करणे आवाक्याबाहेर होते, आणि स्फोट करून पाहणे हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग होता.

फेरा मोडणे, भोवरे विस्कटणे

ध्वनी कमी करण्याचे उपाय वरच्या विवेचनातून ओघानेच येतात. उंच धुराड्याच्या वरच्या भागावर सर्पिल पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात. मोटारीच्या अँटेनावरही तशीच बारीक तार असते. या पट्ट्यांमुळे भोवरे सुटायचे थांबत नाहीत, पण प्रत्येक उंचीवर ते वेगवेगळ्या क्षणी सुटतात, त्यामुळे त्यांचे धक्के एकजुटीने लागत नाहीत. धुराड्याच्या बाबतीत हेतू आवाजापेक्षा डोलणे रोखण्याचा असतो. अँटेनाच्या बाबतीत सरळसरळ शीळ घालवण्याचा.

घुबडाच्या पंखांचे वर्णन आर. आर. ग्रॅहम यांनी १९३४ मध्ये केले होते: पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर, आणि वरच्या बाजूला मखमली लव. यांतली झालर सर्वांत बोलकी आहे. पृष्ठभागावरून सरकणारा संक्षोभ तसा दुबळा चतुर्ध्रुव असतो, पण तो मागच्या तीक्ष्ण कडेवरून निसटतो तेव्हा कडेच्या दोन बाजूंमधली वजाबाकी एकदम बिघडते आणि ध्वनिशक्ती वेगाच्या जेमतेम पाचव्या घाताने वाढू लागते, म्हणजे मंद वेगाला ती इतरांपेक्षा वरचढ ठरते. कड सौम्य केली की हा बदल अचानक होत नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांची टोके सेकंदाला ८० मीटरच्या आसपास वेगाने फिरतात, आणि त्यांची लयबद्ध सूंसूं मुख्यतः याच मागच्या कडेची असते. तिथे करवतीसारख्या दात्यांच्या पट्ट्या बसवल्या की आवाज दोन-तीन डेसिबलने उतरतो. बोइंग ७८७ च्या इंजिनाच्या मागच्या कडेवरचे दातेही झोत आणि बाहेरची हवा यांना लवकर मिसळवून मोठे, संथ, दूरवर ऐकू जाणारे भोवरे घडू देत नाहीत. त्याची किंमत रेट्यातल्या किंचित घटीने मोजावी लागते. त्यामुळे दाते किती खोल आणि किती वाकवलेले असावेत, हे प्रत्येक इंजिनासाठी मापने घेऊन ठरवावे लागते, कारण ध्वनिरहित झोत ज्यातून सरळ काढता येईल असे सूत्र लाइटहिल यांच्या समीकरणातही नाही.